कै. ताराबाई मोडक : अल्पचरित्र व त्यांचा अध्यापनविचार

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठी कोणा थोर शिक्षकाचे चरित्र आम्ही लिहून द्यावे, अशी संपादकमंडळाने आम्हांस आज्ञा केली. धर्मगुरूने चरित्र लिहावयाचे म्हणजे ते एखाद्या संताचेच असावयाचे, अशी मंडळींची समजूत असणे साहजिक आहे. रँस नगरात निर्धन बालकांसाठी शाळा घालणारे संत योहान बाप्तिस्त दे ला साल आणि तुरिनच्या रस्त्यांवरील पोरक्या मुलांना जवळ करणारे संत योहान बोस्को हे आमच्याही डोळ्यांपुढे प्रथम उभे राहिले. परंतु ह्या सत्पुरुषांची चरित्रे आपल्या वाचकांनी अनेकवार वाचली आहेत, आणि रँस व तुरिन ही दोन्ही नगरे जव्हार-मोखाड्यापासून फार दूर आहेत. म्हणून आम्ही निवडले आहे ते चरित्र आपल्या देवळाची पायरी कधी न चढलेल्या एका स्त्रीचे आहे. आपला घाट उतरून डहाणूकडे गेले म्हणजे कोसबाडची टेकडी लागते. त्या टेकडीवर ह्या बाईंनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ज्या वारली मुलांसाठी ती वेचली, त्यांचे आप्त व सोयरे आपल्या पाड्यांतून आजही राहतात. त्या बाई म्हणजे कै. ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे मुंबईच्या प्रार्थना समाजातील एक अग्रणी होते. मुलींनी शिकावे की न शिकावे हा वाद ज्या काळी घरोघरी रंगत असे, त्या काळी ह्या घरात तो मुळी नव्हताच. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो सुखाचा ठरला नाही, आणि १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. हे वाचून आमच्या काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल, हे आम्ही जाणतो. आम्ही येथे त्या गोष्टीचा निवाडा करावयास बसलेलो नाही. एवढेच सांगतो की, पतीपासून दूर झालेल्या स्त्रीस त्या काळच्या समाजात उभे राहावयासही जागा नसे, आणि ताराबाईंनी ती जागा शाळेत शोधली. राजकोट येथील स्त्रीशिक्षिकांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. पगार चांगला होता, मान होता, आणि पदरी लहान मुलगी होती. सामान्य मनुष्य अशा जागी जन्मभर स्थिर राहिला असता.

परंतु त्याच काठेवाडात, भावनगर येथे, दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका ह्या गृहस्थांनी १९२० साली एक बालमंदिर उघडले होते. गिजुभाई पेशाने वकील. मारिया मॉन्टेसोरी बाईंचे ग्रंथ वाचून त्यांनी वकिलीला रामराम ठोकला होता. मॉन्टेसोरी बाई ह्या इटलीतील, आपल्याच कॅथॉलिक धर्माच्या, आणि शिक्षणाने डॉक्टर. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो नावाच्या मजुरांच्या दरिद्री वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह काढले होते. श्रीमंतांच्या मुलांसाठी प्रसिद्ध झालेल्या ह्या पद्धतीचा जन्म गरिबांच्या वस्तीत झाला, ही गोष्ट पुढे बहुतेक लोक विसरले. ताराबाईंच्या चरित्रात तिला फार महत्त्व आहे. १९२३ साली राजकोटची नोकरी सोडून ताराबाई भावनगरास गेल्या, आणि गिजुभाईंच्या हाताखाली, ज्यांना अजून धड बोलताही येत नाही अशा बालकांत बसू लागल्या. प्राचार्यपद सोडून बालवर्गात जाऊन बसणे ही लोकांच्या दृष्टीने उतरंड होती. ताराबाईंना ती चढण वाटली असावी.

भावनगर येथे त्यांचे जे मत बनले ते थोडक्यात असे. मूल शिकत नाही असे कधीच नसते. ते अखंड शिकतच असते. ते काय शिकते, हे मात्र सभोवतीच्या मोठ्या माणसांवर अवलंबून राहते. छडी उगारली तर ते भिणे शिकते. बक्षीस दाखविले तर बक्षिसासाठी वागणे शिकते. उगाच गप्प बसविले तर तोंड मिटणे शिकते. म्हणून गिजुभाई व ताराबाई ह्यांना शिक्षेइतकेच बक्षीसही अमान्य होते. शिक्षकाने बोलावे थोडे, पाहावे फार. मुलाचा हात कोठे वळतो, डोळा कोठे रेंगाळतो हे पाहून त्याप्रमाणे वस्तू, गोष्ट वा गाणे पुढे ठेवावे, आणि आपण बाजूला व्हावे. १९२६ साली ह्या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढे मराठी शिक्षणपत्रिका चालवून ताराबाईंनी हा विचार महाराष्ट्रातील घरांपर्यंत व शाळांपर्यंत नेला.

येथे आम्हांस आमच्या सेमिनरीतील एक पाठ आठवतो. सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देवग्रातियस नावाच्या एका दीकनाने संत ऑगस्टीन ह्यांच्याकडे तक्रार केली होती की, नवागतांस धर्म शिकविताना आपला आपल्यालाच कंटाळा येतो. त्यावर संतांनी एक सबंध पुस्तकच लिहून पाठविले, आणि ऐकणाऱ्याचे दोष मोजण्यापूर्वी शिकविणाऱ्याने स्वतःच्या मनात डोकवावे, असे त्यास समजाविले. सेमिनरीत आम्ही ते पुस्तक परीक्षेपुरते वाचले व उत्तम गुण मिळविले. त्याचा अर्थ आम्हांस कळावयास पुढे एका मुलाची गाठ पडावी लागली. ती हकीकत यथास्थळी येईल.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला, आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे चालविले. काम नावारूपास आले. सुखवस्तू घरांतील मातापिता आपली मुले हौसेने आणून सोडू लागली. मात्र मॉन्टेसोरी पद्धतीची साधने, म्हणजे ते गुळगुळीत दट्टे, रंगीत ठोकळे व मण्यांच्या माळा, भारी किमतीची होती. ज्या गावात शाळेवर धड छप्पर नाही तेथे ती कोण आणणार? १९३१ साली लंडनमध्ये महात्मा गांधी व मॉन्टेसोरी बाई ह्यांची भेट झाली, तेव्हाही हिंदुस्थानच्या खेड्यांतील लक्षावधी दरिद्री मुले हाच गांधीजींच्या मनातील विषय होता. ताराबाईंच्या मनाला हा प्रश्न टोचत राहिला. जी पद्धत केवळ दादरच्या मुलास लागू पडते व डोंगरातील मुलास लागू पडत नाही, ती खरी पद्धत कशी म्हणावी? हा संशय पुष्कळांना येतो. परंतु त्यापायी जमलेले बस्तान मोडून उठणारे थोडे.

१९४५ साली ताराबाई उठल्या. त्यांचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते. आम्हीही त्याच वयाच्या आसपास आहोत, आणि ह्या वयात मनुष्यास नव्या जागेपेक्षा जुन्या खुर्चीचीच ओढ अधिक असते हे अनुभवाने सांगू शकतो. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, समुद्रकाठच्या बोर्डी गावी, त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

ते वर्ष त्या मुलखात साधे नव्हते. वेठबिगार आणि लग्नगडी ह्या दोन शब्दांचा अर्थ आपल्या वयोवृद्ध वाचकांस सांगावयास नको. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, त्याच्या घरी राबावयाचे, ही त्या काळची रीत होती. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारली मंडळींची मोठी सभा भरली, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन पाच माणसे मेली. जव्हार त्या वेळी मुकणे राजांचे संस्थान होते, ते १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन झाले. पण घाटावरील व घाटाखालील दारिद्र्याची जात एकच होती. ताराबाईंचा मार्ग परुळेकरांचा नव्हे. त्यांनी लाल बावटा हाती घेतला नाही. तरीही ज्या मुलांचे आईबाप वेठीस बांधलेले होते, त्याच मुलांकडे त्या येऊन पोहोचल्या.

ह्याच सुमारास त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्यानंतर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत दिवसा शिकवून रात्रीच्या शाळेत मॅट्रिक झाल्या, आणि पदवी तर त्यांनी १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर मिळविली. एक परित्यक्त, एक बालविधवा. समाजाने ज्यांना मंगलकार्यात पुढे येऊ दिले नसते, अशा ह्या दोन बाया दुसऱ्यांची मुले वाढवावयास निघाल्या.

आता मुख्य गोष्ट. बोर्डीस बालवाडी उघडली, मुले आली. परंतु ज्यांच्यासाठी एवढी यातायात केली होती ती हरिजन व आदिवासी वस्त्यांतील मुले येईनात. बोलवावयास जावे तर ती लपत. आणली तर दुसऱ्या दिवशी नाहीशी होत. शिकविणाऱ्याच्या आयुष्यात हा प्रसंग येतोच, आणि त्याचे तयार उत्तरही प्रत्येकाच्या जिभेवर असते: ह्या लोकांस शिक्षणाची गोडीच नाही. हे उत्तर आम्ही शाळा तपासणाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, जोगिणींच्या तोंडून ऐकले आहे, आणि स्वतःच्या तोंडूनही ऐकले आहे.

ताराबाईंनी ते उत्तर घेतले नाही. मूल का येत नाही हे त्यांनी झोपडीत जाऊन पाहिले. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले; सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचे भावंड; तिच्याहून थोरला शेरडे-गुरे घेऊन रानात; अंगावर कपडा नाही, डोक्यात उवा, पायाला खरूज, आणि शाळेतील स्वच्छ मुलांची लाज. ही मुले शाळेत येणार कोठून? तेव्हा मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असा त्यांनी निश्चय केला. शिक्षिका पिशवी घेऊन पाड्यावर जाई. प्रथम अंगण झाडावयाचे. मग मुलांची नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, अंगे धुवावयाची, फोड-खरजेस औषध लावावयाचे. आणि मग त्याच अंगणात गाणे, गोष्ट, नाच, मोजणी. कडेवरच्या भावंडासह ताई बसली तरी चाले. म्हातारी आजी कुडाच्या आडून पाही, आणि काही दिवसांनी कूड सोडून पुढे येई. ह्या शाळेस नाव पडले अंगणवाडी.

वाचकहो, आज हा शब्द आपल्या प्रत्येक पाड्यावर सरकारी पाटीवर रंगविलेला आहे. १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांस हेच नाव मिळाले.

आता ज्या मुलाचा वर उल्लेख केला त्याची हकीकत. आम्ही नवदीक्षित होतो, आणि डोंगरातील एका शाळेचा कारभार आमच्याकडे होता. शाळेचे नाव येथे नको, दोष शाळेचा नव्हता. चौथीच्या वर्गात एक ठाकराचा मुलगा होता. हिशेबात तरबेज, वाचनात अडखळे. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले, आणि त्यास बरोबर नेले. नागली-वरई घरात आली की पुढचे खावयास काही उरत नाही, म्हणून आपले निम्मे पाडे दिवाळीनंतर ओस पडतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तरीही नियमाप्रमाणे आम्ही त्याचे नाव पटावरून कमी केले. आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ ओढताना, खरे सांगावयाचे तर, आम्हांस कर्तव्य केल्याचे समाधान वाटले. होळीस तो परत आला. वर्गात आला नाही. खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभा राहिला. फळ्यावर गुणाकार होता, त्याचे उत्तर त्याने बाहेरूनच हळू आवाजात सांगितले. ते बरोबर होते. आम्ही त्यास उद्यापासून येण्यास सांगितले, पण आत बोलाविले नाही, कारण पटावर नाव नव्हते. तो उद्या आला नाही, आणि नंतरही आला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी अनुताईंचे आत्मचरित्र, कोसबाडच्या टेकडीवरून, आमच्या हाती पडले. ते वाचताना आम्हांस त्या खिडकीचे गज आठवले, आणि कार्थेजच्या त्या दीकनास संत ऑगस्टीन काय सांगत होते तेही उमगले.

१९५७ साली ताराबाई व अनुताई ह्यांनी संस्थेचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलविले. तेथे वस्ती वारल्यांची. येथे त्यांच्या विचाराला खरी पालवी फुटली. कडेवरच्या भावंडापायी थोरली मुलगी शाळेस मुकते, तर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असावीत, म्हणजे धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत व थोरली वर्गात बसेल. ह्या रचनेस त्यांनी विकासवाडी म्हटले. थोरला मुलगा गुरांमागे जातो, तर गुरे जेथे चरतात तेथे शाळा भरावी, ती कुरणशाळा. गुरे चरत, आणि झाडाच्या सावलीत मुले अक्षरे गिरवीत. एखादी गाय शेतात शिरली की एकाने धावावे, हाकून आणावी व पुन्हा बसावे. जी कामकरी मुले दिवसा मुळीच मोकळी नसत, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते. ह्यात पद्धतीचे नावीन्य आहेच. पण आम्हांस त्याहून मोठी वाटते ती त्यामागची नम्रता. गुरे राखणे हे शिक्षणातील विघ्न आहे असे त्या मानीत नव्हत्या. ते त्या मुलाचे आयुष्य आहे, आणि शाळेने त्यात जागा मागून घ्यावयाची आहे, असे त्या मानीत.

भारी साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. शिंपले, गोटे, बिया, पाने, बांबूच्या कांड्या, माती ह्यांतून मोजणे, तोलणे, लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत सर्व काही शिकविता येते, हे त्यांनी करून दाखविले. सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीतून निघून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिरलेली मॉन्टेसोरी पद्धत कोसबाडास पुन्हा आपल्या माहेरी आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. तीच गोष्ट भाषेची. घरी वारली बोली बोलणाऱ्या मुलापुढे पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठी ठेवली तर ते मुके होते. दे ला साल ह्यांनी आपल्या शाळांत लॅटिन बाजूस ठेवून मुलांस आधी फ्रेंच वाचावयास लाविले ते ह्याच कारणासाठी. आपल्याकडेही धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना पाठ म्हणणारी किती मुले त्यातील शब्द समजून म्हणतात, हे कधीतरी विचारून पाहावे. आम्ही विचारले, आणि उत्तर ऐकून गप्प बसलो.

ह्या बाईंच्या विचारात उणे काहीच नव्हते असे आमचे म्हणणे नाही. अंगण झाडल्याने चूल पेटत नाही. जमीन कोणाची, मजुरी किती, जंगलावर हक्क कोणाचा, ह्या प्रश्नांची उत्तरे बालवाडीत मिळत नाहीत. परुळेकरांच्या मार्गाने गेलेली माणसे हा आक्षेप घेत असतील तर तो खोटा म्हणता येणार नाही. १९९२ साली आपल्याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली व सबंध महाराष्ट्र हादरला. तोवर अंगणवाडी हे नाव सरकारदरबारी रूढ होऊन १७ वर्षे झाली होती. नाव पोहोचते, आणि त्यामागचा प्राण वाटेत राहतो, असे पुष्कळदा घडते. आजच्या अंगणवाडी-सेविकेस आम्ही दोष देत नाही. वजने घ्यावयाची, खाऊ शिजवावयाचा, माहिती भरावयाची, आणि हे सर्व तुटपुंज्या मानधनावर. गोष्ट सांगावयास तिला वेळ उरतो कोठे? आमचे म्हणणे इतकेच की ताराबाईंच्या अंगणवाडीत भाताइतकीच गोष्टही होती, आणि नखे कापताना मुलाशी बोललेला शब्दही होता.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताईंनी ते काम पुढे एकोणीस वर्षे, स्वतःच्या अंतापर्यंत, म्हणजे १९९२ सालापर्यंत चालविले. त्यांसही पद्मश्री मिळाली. पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडणारा हा सर्व मुलूख १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा झाला, आणि अशा रीतीने कोसबाड व आपण आता एकाच नव्या जिल्ह्याचे रहिवासी आहोत.

ज्युबिलीच्या खर्चातून काही रक्कम शिल्लक राहील, तिचे काय करावे ह्याविषयी धर्मग्राम-समितीत दोन मते होती. देवळाच्या दर्शनी भागास नवी फरशी बसवावी असे काहींचे म्हणणे होते, व फरशी खरोखरच फुटली आहे. पुष्कळ चर्चेअंती असे ठरले की फरशी पुढील वर्षी बसवावी. ह्या दिवाळीनंतर आपल्या पाड्यांतील कुटुंबे ज्या वीटभट्ट्यांवर जातील त्यांपैकी दोन ठिकाणी आपल्या दोन शिक्षिकांनी होळीपर्यंत जाऊन राहावे, आणि संध्याकाळी काम संपल्यावर मुलांना घेऊन बसावे. त्या दोघी तयार आहेत. मुलांची नावे मूळ शाळेच्या पटावर तशीच राहावीत म्हणून मुख्याध्यापकांशी आम्ही बोललो आहोत. ज्यांच्या घरी वापरात नसलेल्या पाट्या, चटया अथवा कंदील असतील, त्यांनी ते येत्या रविवारी मिस्सेनंतर धर्मगुरूनिवासाच्या ओटीवर आणून ठेवावेत. नखे कापावयाची यंत्रेही हवी आहेत. ती मात्र नवी असावीत.